कलमांची बाग विकण्याआधी

पत्र

डॉक्टरबाई, आम्ही देवगड तालुक्यातले. बाबा ६३ वर्षांचे. दोन वर्षांपूर्वी कोल्हापूरला त्यांची डावी किडनी गाठीसकट काढली. रिपोर्टात 'क्लिअर सेल' असं लिहिलं होतं. आता खोकला जाईना आणि खुबा दुखायला लागला म्हणून स्कॅन केला, तर दोन्ही फुप्फुसांत बारीक गाठी आणि खुब्याच्या हाडात एक डाग निघाला. हिमोग्लोबिन १०.२ आहे. मुंबईच्या डॉक्टरांनी दोन मार्ग सांगितले: इम्युनोथेरपीचं इंजेक्शन आणि सोबत गोळी, नाहीतर नुसती गोळी. पहिल्याचा खर्च ऐकून काकांचा चेहराच उतरला. अमेरिकेतला मावसभाऊ म्हणतो ही सगळी जुनी औषधं, बेल्झुटिफॅन नावाची नवी गोळी मागवा. त्याने कुठल्याशा ट्रायलची माहितीही पाठवली आहे. आई म्हणते, माझ्या नवऱ्याला उंदीर करू नका. तिने ग्रामदेवतेला कौल लावलाय. काका म्हणतात, कलमांची बाग विकू. बाबांना आम्ही एवढंच सांगितलंय की छातीत कफ साठलाय. दोन वर्षांपूर्वीच काही औषध सुरू करायला हवं होतं का, या विचाराने मला झोप लागत नाही. तुमच्या लेकीसारखी समजून सांगा. आणि हो, बाबांचे मासे बंद करायचे का?
— देवगडहून एक मुलगी

उत्तर

लेकीसारखी म्हणालीस, म्हणून अगं-तुगं करते.

आधी त्या मावसभावाचं बघू, कारण घरात सगळ्यात जास्त घोळ त्याच्या फोनमुळे झालेला दिसतोय. तो प्रेमापोटीच सांगतोय, यात शंका नाही. पण या आजारात 'जुनी औषधं' म्हणावीत अशी औषधं फारशी नाहीतच. किडनीच्या या कॅन्सरवर नेहमीची केमोथेरपी जवळजवळ चालतच नाही. २००५ पर्यंत पसरलेल्या आजाराला इंटरफेरॉन आणि इंटरल्युकिन-२ एवढाच काय तो आधार होता. त्याचा उपयोग थोड्यांनाच व्हायचा आणि त्रास बहुतेकांना. डिसेंबर २००५ मध्ये अमेरिकेत सोराफेनिब या गोळीला परवानगी मिळाली, पुढच्याच महिन्यात सुनिटिनिबला. इम्युनोथेरपीतलं निवोल्युमॅब या आजारासाठी आलं २०१५ मध्ये. आणि तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रकारची जोडी, म्हणजे इंजेक्शन आणि गोळी एकत्र, ती २०१९ पासूनची. तुमची कलमं यापेक्षा कितीतरी जुनी असतील.

आता बेल्झुटिफॅन. हे औषध खरं आहे, चांगलं आहे, आणि त्यामागचं विज्ञान तर फारच देखणं आहे. थोडं सांगते, कारण ते कळलं की बाकीच्या गोळ्या काय करतात हेही कळतं. क्लिअर सेल प्रकारात बहुतेकांच्या गाठीतला व्हीएचएल नावाचा जीन बिघडलेला असतो. या जीनचं काम असतं, पेशीला प्राणवायू पुरेसा मिळत असेल तर 'हिफ' नावाच्या प्रथिनाचा निकाल लावणं. जीन बिघडला की हिफ साठत जातं. मग पेशीला भरपूर प्राणवायू मिळत असतानाही ती गुदमरल्यासारखी वागते आणि नव्या रक्तवाहिन्या मागवते. आपल्याकडे सुपारीच्या बागेत कुणी रात्रीतून पाट आपल्या आळ्यांकडे वळवून घेतो, तसं ही गाठ शरीराचं रक्त स्वतःकडे वळवते. सुनिटिनिब, पाझोपानिब, ॲक्सिटिनिब, काबोझांटिनिब या गोळ्या तो पाट बुजवतात. बेल्झुटिफॅन एक पायरी मागे जाऊन हिफ-२ लाच अडवतं. शरीर प्राणवायूची पातळी कशी ओळखतं हे शोधल्याबद्दल विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना २०१९ चं नोबेल मिळालं. हे औषध त्याच शोधाच्या झाडाला लागलेलं फळ.

पण अमेरिकेतसुद्धा पसरलेल्या किडनीच्या कॅन्सरसाठी या गोळीला डिसेंबर २०२३ मध्ये जी परवानगी मिळाली, ती इम्युनोथेरपी आणि रक्तवाहिन्या रोखणारी गोळी हे दोन्ही आधी घेऊन झालेल्या रुग्णांसाठी. म्हणजे तिची जागा आज तरी रांगेत मागची आहे. ज्या चाचणीवर ती परवानगी मिळाली, तिच्यात शंभरातल्या साधारण २२ जणांच्या गाठी ठळकपणे आकसल्या. तुलनेला ठेवलेल्या एव्हरोलिमस या दुसऱ्या औषधावर हा आकडा साडेतीनच होता. त्या टप्प्यावरच्या रुग्णांसाठी ही मोठीच गोष्ट. मात्र एकंदर आयुष्य वाढल्याचं त्या चाचणीत सिद्ध झालं नाही. शिवाय या गोळीने रक्त कमी होणं जवळपास ठरलेलं असतं, आणि काहींच्या रक्तातला प्राणवायूही खाली जातो. तुझ्या बाबांचं हिमोग्लोबिन आधीच १०.२ आणि फुप्फुसांत गाठी. मावसभावाला या दोन गोष्टी कळव आणि मग त्याला काय वाटतं ते विचार.

मला तुला एकच गोष्ट पटवायची आहे. या आजारात 'सगळ्यात नवं कुठलं' यापेक्षा 'पहिलं कुठलं, आणि ते किती काळ रेटता येईल' हा प्रश्न मोठा आहे. पहिल्या वेळी गाठ आणि शरीर दोन्ही सर्वांत जास्त ऐकण्याच्या स्थितीत असतात. इम्युनोथेरपी एकदा निष्फळ ठरल्यावर तीच किंवा तिची बहीण पुन्हा देऊन पाहिली, तर फायदा होत नाही, असं २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत दिसलं. तिथे काबोझांटिनिबच्या गोळीला ॲटेझोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं इंजेक्शन जोडलं होतं. खर्च वाढला, त्रास वाढला, आजार मात्र तेवढ्याच वेगाने चालला. म्हणून क्रम महत्त्वाचा.

आता तुमच्या दोन मार्गांकडे. इम्युनोथेरपी गाठीला थेट मारत नाही. आपल्या संरक्षक पेशींना आवरून धरणारी जी यंत्रणा असते, तिचा गाठ गैरफायदा घेते. हे इंजेक्शन तो आवर सोडवतं. पेम्ब्रोलिझुमॅब हे इंजेक्शन आणि ॲक्सिटिनिब ही गोळी, या जोडीच्या चाचणीत शंभरातल्या सुमारे ६० जणांच्या गाठी ठळक आकसल्या, नुसत्या सुनिटिनिबवर सुमारे ४० जणांच्या. निवोल्युमॅब आणि इपिलिमुमॅब ही दुसरी जोडी, दोन्ही इंजेक्शनंच. मध्यम आणि जास्त जोखमीच्या रुग्णांत या जोडीवर निम्मे लोक सुमारे ४७ महिन्यांच्या पुढे जगले. सुनिटिनिबवर हाच आकडा २६-२७ महिने होता. दहा-बारा टक्के लोकांच्या गाठी स्कॅनवर दिसेनाशाच झाल्या, आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या वर्षानुवर्षं तशाच राहिल्या. हे ऐकून 'बाबा बरे होतील' असं घरात जाहीर करू नकोस. पण 'काहीच उपयोग नाही' असं म्हणणाऱ्या शेजाऱ्याचंही ऐकू नकोस. निम्मे पुढे जातात याचा अर्थ निम्मे त्याआधी थांबतात, आणि आपण कुठल्या बाजूला आहोत हे आधी कुणालाच सांगता येत नाही.

'जोखीम' हा शब्द वर आला, तो मोजता येतो. सहा गोष्टी बघतात: निदानापासून औषध सुरू होईपर्यंत वर्षाहून कमी काळ गेला का, माणसाला रोजची कामं नीट जमेनाशी झालीत का, हिमोग्लोबिन कमी आहे का, कॅल्शियम वाढलंय का, न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाढल्यात का, प्लेटलेट वाढल्यात का. एकही नसेल तर कमी जोखीम, एक-दोन असतील तर मध्यम, तीन किंवा जास्त म्हणजे जास्त. तू लिहिलेल्यावरून दोन वर्षं गेलीत ही जमेची बाजू, हिमोग्लोबिन ही खर्चाची. बाकीचे आकडे तुझ्या फाईलमध्ये आहेत. डॉक्टरांना सरळ विचार, "बाबा कुठल्या गटात?" आणि दोन वर्षांपूर्वीच्या गाठीचे स्लाइड आणि ब्लॉक (मेणात जपून ठेवलेले गाठीचे तुकडे) कोल्हापूरच्या लॅबमधून मागून घे. त्यांच्या रिपोर्टात 'सार्कोमॅटॉइड' असा शब्द असेल तर इम्युनोथेरपीकडे झुकतं माप द्यावं लागतं, कारण तो प्रकार नुसत्या गोळीला फारसा जुमानत नाही.

दुसरं मत हवं असेल तर परळच्या टाटात किंवा खारघरला जाता येईलच. शिवाय टाटा मेमोरियल आणि नॅशनल कॅन्सर ग्रिडशी जोडलेल्या 'नव्या' या सेवेकडे कागद ऑनलाइन पाठवूनही तज्ज्ञांचं मत घेता येतं. कोकणकन्येत दोन रात्री आजारी माणसाला हेलपाटण्याआधी हे करून बघ.

पैशाचं बोलू. तुझ्या काकांचा चेहरा मला इथून दिसतोय. नुसती गोळी म्हणजे हात टेकणं नव्हे, हे आधी समजून घे. सुनिटिनिब, पाझोपानिब, ॲक्सिटिनिब या गोळ्या भारतीय कंपन्याही बनवतात आणि मूळ ब्रँडपेक्षा पुष्कळ स्वस्तात मिळतात. याला आपल्या देशाचा एक इतिहासही आहे. २०१२ च्या मार्चमध्ये सरकारने सोराफेनिब बनवायचा सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंट दुसऱ्याचं असतानाही औषध बनवायची मुभा, नॅटको कंपनीला दिला. बायरचं तेच औषध महिन्याला सुमारे २ लाख ८० हजारांना मिळत होतं, ते ८,८८० रुपयांवर आलं. देशातला असा तो पहिलाच परवाना, आणि औषध नेमकं किडनी आणि यकृताच्या कॅन्सरचं. या गोळ्यांवर लोक चांगली वर्षं काढतात. वर सांगितलेल्या पेम्ब्रोलिझुमॅबच्या चाचणीतही नुसत्या गोळीने सुरुवात केलेल्यांपैकी अनेकांनी पुढे इम्युनोथेरपी घेतली, आणि त्यांचं आयुष्य काही फार मागे राहिलं नाही: मध्यावरचा आकडा (निम्मे ज्याच्या पुढे जगले तो) जोडीवर ४७ महिने, गोळीपासून सुरू केलेल्यांत जवळपास ४१. हा फरक मोठा की लहान, हे ज्याचं त्याने ठरवायचं. पण बाग विकली नाही म्हणून बाबांना मारलं, असा हिशेब यातून निघत नाही.

बाग विकण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: आत्ता नको. एक तर कोकणातल्या सातबाऱ्यावर किती नावं असतात ते तुला मी सांगायला नको. चुलत्यांच्या, आत्यांच्या सह्या गोळा होईस्तोवर औषधाची वेळ निघून जाईल, आणि घाईचा भाव म्हणजे पडेल भाव. तातडीने पैसा हवाच असेल तर एक-दोन हंगामांसाठी बाग कराराने द्या, जमीन हातात राहते. दुसरं असं, की औषध किती काळ चालणार हे ठाऊक नसताना सगळं एकदम मोडणं शहाणपणाचं नाही. पेम्ब्रोलिझुमॅब चाचणीत जास्तीत जास्त दोन वर्षांपर्यंतच दिलं होतं; इपिलिमुमॅब तीन-तीन आठवड्यांनी चारच वेळा असतं, नंतर एकटं निवोल्युमॅब. गोळी मात्र लागू पडतेय आणि सोसतेय तोवर. तेव्हा डॉक्टरांना 'एका डोसला किती' एवढंच विचारू नकोस. पहिला स्कॅन कधी, तोपर्यंत किती डोस होतील आणि त्याला एकूण किती लागतील, हे विचार. साधारण तीन महिन्यांत औषध लागू पडतंय का त्याचा अंदाज येतो. आधी तेवढी तजवीज करा. निम्म्या वाटेवर पैसे संपून महागडं औषध सोडून दिलेली कुटुंबं मी पाहिली आहेत. त्यापेक्षा सुरुवातीपासून नेमाने घेतलेली स्वस्त गोळी बरी, असं माझं मत आहे, आणि हे मत सगळ्याच कॅन्सरतज्ज्ञांना आवडेल असं नाही.

इंजेक्शन बनवणाऱ्या कंपन्यांच्या मदत योजना असतात. काही डोस विकत घेतल्यावर पुढचे मोफत, अशा स्वरूपाच्या. नियम बदलत राहतात, म्हणून पहिला डोस घेण्याआधी विचारायचं, नंतर नव्हे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, पण ही सगळी नवी औषधं त्यात बसतीलच असं धरून चालू नकोस. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे रेशनकार्ड घेऊन जा आणि नेमकं औषधाचं नाव सांगून विचार. मुख्यमंत्री सहाय्यता निधीचा अर्जही कर. टाटात गेलात तर तिथल्या वैद्यकीय समाजसेवा विभागात पहिल्याच दिवशी बसा, लाज वाटू देऊ नका. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला आणि सोबतच्या एकाला भाड्यात सवलत मिळते, त्याचा फॉर्म रुग्णालयातून सही करून घ्यायचा. पेम्ब्रोलिझुमॅब तीनऐवजी सहा आठवड्यांनी मोठ्या डोसात देता येतं, निवोल्युमॅब दोनऐवजी चार आठवड्यांनी. मुंबईच्या फेऱ्या निम्म्या होतात. देवगडकरांनी हे मुद्दाम विचारावं. मुंबईच्या डॉक्टरांच्या ते लक्षात येईलच असं नाही.

ट्रायलबद्दल आईची भीती मी समजू शकते. पण कॅन्सरच्या मोठ्या चाचण्यांमध्ये सहसा एका गटाला नवं औषध आणि दुसऱ्याला त्या टप्प्यावरचं नेहमीचं चांगलं औषध देतात. पसरलेल्या आजारात कुणाला सहसा उपचाराविना बसवून ठेवत नाहीत. भारतात चाचणी सुरू करण्याआधी सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत नोंदवावी लागते, आचारसमितीची मंजुरी लागते, संमतीपत्र रुग्णाला कळेल अशा भाषेत द्यावं लागतं. २०१९ च्या नियमांप्रमाणे चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाईची जबाबदारी चाचणी करणाऱ्यांवर येते. आणि मधेच 'नको' म्हणून बाहेर पडायचा हक्क शेवटपर्यंत रुग्णाकडेच राहतो. मावसभावाने पाठवलेली चाचणी भारतात चालू आहे का, हे सीटीआरआयच्या यादीत तू स्वतः शोधू शकतेस. मात्र हे आत्ताच बघ. कितीतरी चाचण्या फक्त 'अजून काहीच औषध न घेतलेल्या' लोकांना घेतात. पहिला डोस घेतला की ते दार बंद.

सध्या तपासणीत काय काय आहे तेही सांगते, म्हणजे पुढच्या फोनला तुला उत्तर देता येईल. हिफ-२ अडवणारी आणखी एक गोळी, कॅस्डॅटिफॅन, काबोझांटिनिबच्या जोडीने मोठ्या चाचणीत आहे. झान्झालिंटिनिब ही काबोझांटिनिबची पुढची पिढी. बेल्झुटिफॅनही दुसऱ्या औषधांच्या जोडीने रांगेत पुढे आणून पाहताहेत. आणि ती 'किडनी कॅन्सरवर लस आली' म्हणून फिरत असलेली बातमी: फेब्रुवारी २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये आलेला तो अभ्यास खरा आहे आणि आशादायकही आहे. पण त्यात रुग्ण होते नऊ. नऊही जणांची शस्त्रक्रिया होऊन गाठ काढलेली होती, आणि प्रत्येकाची लस त्याच्या स्वतःच्या गाठीवरून बनवलेली होती. तुझ्या बाबांची आजची स्थिती ती नाही. परदेशी मंजूर झालेलं औषध स्वतःच्या वापरापुरतं परवाना काढून मागवण्याची सोय आपल्या कायद्यात आहे. उद्या बाबांना बेल्झुटिफॅनची खरोखर गरज पडलीच, तर ते भारतात मिळतंय का हे आधी तुमच्या डॉक्टरांना विचार; नाहीच मिळालं तर त्यांच्या सहीने तो अर्ज करता येईल. मावसभावाने बॅगेतून बाटली आणणं हा मार्ग नव्हे.

आता बाबा. छातीत कफ साठलाय म्हणून कुणी माणसाला मुंबईला नेऊन दर तीन आठवड्यांनी सलाईन लावतं का? ज्या माणसाने आयुष्यभर मोहोर बघून पिकाचा अंदाज बांधला, त्याला घरातल्यांचे चेहरे वाचता येत नाहीत असं समजू नका. मला तरी वाटतं, त्यांना निम्मं ठाऊक आहे आणि ते तुम्हाला सांभाळून घेताहेत. हा निव्वळ भावनेचा प्रश्नही नाही. या औषधांचे त्रास वेळेत सांगितले तर आटोक्यात राहतात, आणि ते ज्याच्या अंगात होतात त्यानेच सांगायचे असतात. शिवाय बाग कुणाची? त्यांची. ती विकायची का, ट्रायलमध्ये जायचं का, हे त्यांना न सांगता ठरवायचा अधिकार ना काकांना आहे, ना तुला. एखाद्या संध्याकाळी पडवीत दोघंच असाल तेव्हा विचार, "बाबा, रिपोर्ट काय आलाय ते तुम्हाला किती सांगू?" ते म्हणाले "सगळं", तर सगळं. म्हणाले "तुम्ही बघा", तर निदान एवढं सांग की किडनीचा आजार छातीत आणि हाडात परत आलाय, औषध आहे, आणि त्रास झाला की लपवायचा नाही. आकडे त्यांनी विचारल्याशिवाय सांगू नकोस.

आईच्या कौलाला मी नावं ठेवणार नाही. तिलाही कुणापाशी तरी गाऱ्हाणं घालायचंच आहे. फक्त औषधाची तारीख कौलावर ठरायला नको, आणि कुणी सुचवलेली भस्मं नकोत, काढे नकोत. बाबांना आता एकच किडनी आहे.

औषध सुरू झाल्यावर घरी काय बघायचं ते नीट वाच. मुंबईत बसलेल्याला आपल्याकडची माती ठाऊक नसते. गोळीने रक्तदाब वाढतो. ब्लडप्रेशरचं यंत्र घरात आणून ठेव, पहिले काही आठवडे रोज मोजून वहीत लिही. सारखा १४०/९० च्या वर जात असेल तर फोन कर, गोळी मनाने सोडू नकोस. तळहात-तळपाय लाल होतात, सोलतात, भेगा पडतात. आपल्याकडे माणसं कातळावर अनवाणी फिरतात आणि वर म्हणतात पायाला काही होत नाही. या गोळीवर होतं, आणि असं होतं की चार दिवस संडासपर्यंत चालवत नाही. पहिल्या दिवसापासून मऊ चप्पल, मोजे आणि रात्री युरिया असलेलं मलम. सुनिटिनिब किंवा पाझोपानिब असेल तर केस पांढरे होतील, सुनिटिनिबने कातडीही पिवळसर दिसेल. शेजारी कावीळ म्हणतील, घाबरू नका, पण डोळे पिवळे झाले किंवा लघवी गडद झाली तर लिव्हरची तपासणी त्याच दिवशी करा. पाझोपानिब आणि काबोझांटिनिब उपाशीपोटी घ्यायच्या असतात. पेजेबरोबर नाही.

इम्युनोथेरपीचे त्रास वेगळ्या जातीचे. मोकळे सुटलेले संरक्षक कधी स्वतःच्याच आतड्यावर, फुप्फुसावर, लिव्हरवर, थायरॉइडवर उठतात. महिनोन्महिने काही होत नाही आणि मग एकदम होतं. कधी शेवटचा डोस संपल्यावरसुद्धा. नेहमीपेक्षा चार-पाच वेळा जास्त जुलाब झाले तर गावातले डॉक्टर पोट बिघडलं म्हणून गोळ्या देतील, आणि त्यांची चूक म्हणता येणार नाही. पण हे जुलाब स्टिरॉइडने थांबतात, अँटिबायोटिकने नाही, आणि उशीर झाला तर आतडं फाटू शकतं. पावसाळ्यात ताप आला की आपल्याकडे पहिला संशय लेप्टोचा, दोडामार्गाकडे माकडतापाचा. तो संशय घ्यावाच. सोबत हेही सांगावं की या माणसाला इम्युनोथेरपी चालू आहे. धाप लागली, खोकला वाढला, तर न्यूमोनिया आहे की औषधाचा परिणाम हे स्कॅनशिवाय कळत नाही. म्हणून औषधाचं नाव, शेवटच्या डोसची तारीख आणि मुंबईच्या डॉक्टरांचा फोन लिहिलेलं कार्ड बाबांच्या खिशात कायम असू दे. आणि आत्ताच तुमच्या गावच्या डॉक्टरांना जाऊन भेट. रात्री दोन वाजता दार उघडणारा माणूस तोच आहे.

खुब्याच्या डागाचं कुणी काही बोललंय का? तुझ्या पत्रात नाही. हाड कमकुवत असेल तर ते मोडू शकतं, म्हणून हाडाच्या डॉक्टरांना तो फोटो दाखव. तोवर कलमावर चढणं बंद, शिडी बंद. आंबे काढायला गडी आहेत. दुखण्यासाठी किरणोपचार, ज्याला लोक शेक म्हणतात, फार चांगला लागू पडतो. कधीकधी एका बैठकीतच. हाड बळकट करणारं इंजेक्शन सुचवलं तर आधी दात तपासून घ्या, नंतर दात काढायची पाळी आली तर जबडा चिघळतो. आणि दुखतंय म्हणून नाक्यावर जाऊन डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन टोचून घ्यायचं नाही, एकुलत्या किडनीला ते परवडणारं नाही. दुखणं कमी करणाऱ्या उपशामक विभागाचं नाव ऐकून दचकू नका. तो विभाग पहिल्या दिवसापासून लागतो, शेवटी नव्हे.

दोन वर्षांपूर्वीचं विचारलंस. शस्त्रक्रियेनंतर खबरदारी म्हणून वर्षभर पेम्ब्रोलिझुमॅब देण्याची पद्धत अमेरिकेत २०२१ च्या शेवटी मंजूर झाली. ती ठराविक जोखमीच्या रुग्णांसाठीच आहे, आणि ते घेऊनही आजार परतलेले पुष्कळ आहेत. त्यावेळच्या रिपोर्टवरून बाबा त्यात बसत होते की नाही, हे आता शोधून तुझ्या हाती काही लागणार नाही. उलट आज त्यातून एक उपयोगाची गोष्ट निघते: बाबांनी इम्युनोथेरपी अजून घेतलेली नाही, म्हणजे ते पान अजून हातात आहे.

मासे बंद करू नकोस. बांगडा, पेडवे, मोरी, जे रुचेल ते, नीट शिजवून. अन्नावरची वासना कमी होईल तेव्हा तेच कामाला येतील. किडनीच्या रिपोर्टात पोटॅशियम किंवा क्रिएटिनिन वाढलं तर डॉक्टर सांगतील तेवढं नारळपाणी आणि डाळ कमी करायची, आधीपासून उपास घडवायची गरज नाही. सोलकढी चालेल. एक फळ मात्र खरंच वर्ज्य: पपनस. त्यातली द्रव्यं या गोळ्या पचवणारं यकृतातलं यंत्र अडवतात, मग गोळीचं रक्तातलं प्रमाण वाढतं आणि त्रासही. चतुर्थीला गणपतीवरच्या माटवीला बांधा, नंतर सोलून वाटाल तेव्हा बाबांच्या वाटीत जाऊ देऊ नका. आणि या गोळ्यांबरोबर दुसरं कुठलंही औषध सुरू करताना, मग ते बुरशीचं असो, फिटचं असो की टीबीचं, आधी मुंबईला एक फोन.